आई काय खाते

माझ्या आईला जो आजार होता त्याचं नाव मला फार उशिरा कळलं. त्याआधी मी माझ्या मनानं त्याला एक नाव देऊन ठेवलं होतं, आणि ते माझ्या बायकोचं होतं. गावाला ही गोष्ट माहीत आहे. पण गावाला माहीत असणं वेगळं आणि मी माझ्या तोंडानं सांगणं वेगळं, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही डाळ करणारी माणसं. सकाळी गाडी जुंपली की उन्हं तापायच्या आत घाटनांदूरचा बाजार गाठता येतो, एवढ्या अंतरावर आमचं गाव. थोडी कोरडवाहू शेती आणि घरात तुरीच्या डाळीचा धंदा. पौषात तूर आली की तिला तेलपाण्याचा हात लावायचा, अंगणात वाळवायची, मोठ्या जात्यावर भरडायची, पाखडायची. सालपट आणि चुनी म्हशीला, डाळ बाजाराला. त्या दिवसांत सगळ्या घरावर पिवळी धूळ बसायची. केसांत, पापण्यांत, माठाच्या झाकणावर. काम सगळं बायांचं. मी फक्त गाडी हाकायचो आणि बाजारात ‘माझी डाळ’ म्हणून विकायचो.

घरात आम्ही तिघंच उरलो होतो. लेक सासरी गेली होती. वडील मला मिसरूड फुटायच्या आधीच गेले. आई तेव्हा साठीच्या आसपासची. हाडापेरानं मोठी बाई, पण मधल्या काही वर्षांत तिच्या दंडाचं मांस झोळीसारखं लोंबायला लागलं होतं. जातं ओढता ओढता ती थांबायची, खुंटा धरून दम घ्यायची. वय झालं, असं मी म्हणायचो. वय झालं म्हटलं की पुढं काही बघावं लागत नाही.

बायको मांजरा नदीच्या पलीकडची. कमी बोलणारी. लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिच्या मनात काय चाललंय हे मला कधी सांगता आलं नाही, आणि न बोलणाऱ्या माणसाविषयी आपण वाटेल ते धरून चालतो. सासूसुनेचं भांडण मी कधी ऐकलं नव्हतं. इतर घरांत ऐकू येतं ते आमच्या घरात का येत नाही, याचाही मला पुढं संशय आला.

पहिली कळ पोळ्याच्या दिवशी आली. बैल मिरवून आणले, जेवणं झाली, आणि दिवस कलताना आई ओसरीवर आडवी झाली. उजव्या बरगडीखाली मूठ दाबून धरलेली. कळ तिथून निघून पाठीतून खांद्याच्या पात्यापर्यंत जात होती. ओकारी झाली ती हिरवी-पिवळी, कडूजहर. घामानं लुगडं भिजलं. दिवेलागणीपर्यंत ती तशीच तळमळली आणि मग कळ जशी आली तशी निघून गेली. आई उठून भांडी गोळा करायला लागली.

“पित्त झालं असंल,” बायको म्हणाली. बोलताना ती माझ्याकडं बघत नव्हती.

गौरीच्या जेवणानंतर तेच. दसऱ्याला तेच. मधल्या दिवसांत आई भाकरी खायची, काम करायची, काही नाही. दिवाळीला माझी थोरली बहीण, आमची अक्का, तेलगावहून माहेरपणाला आली. भावाबहिणीचं आमचं लहानपणापासून जमायचं. ती वाती वळत बसली होती आणि मी सुपारी कातरत होतो.

“मायला कवापासून दुखतंय?” तिनं विचारलं.

“पोळ्यापासून.”

“रोज दुखतंय?”

“न्हाई. सणावारी.”

अक्काची वात बोटांतच राहिली. “म्हंजी रोजच्या भाकरीत काय न्हाई, अन् सणाच्या ताटात हाय.”

“काय हाय?”

“मी कशाला सांगू? तुला डोळे हायत की.” मग आवाज खाली घेऊन, “माय मला म्हनली, तूप खाल्लं का दुखतंय बघ. तूप कोन वाढतंय?”

तूप माझी बायको वाढत होती.

त्या दिवसापासून मला डोळे फुटले, म्हणजे असं मला तेव्हा वाटलं. आजवर न दिसलेल्या गोष्टी दिसायला लागल्या आणि दिसलेली प्रत्येक गोष्ट बायकोच्या विरुद्ध साक्ष द्यायला लागली. आईचं ताट ती वेगळं वाढायची, चुलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात, माझं जेवण झाल्यावर. मी बाहेरून येताना दोघींचं काहीतरी हलक्या आवाजात चाललेलं असायचं आणि माझं पाऊल उंबऱ्यात पडलं की थांबायचं. एका दुपारी मी गोठ्याच्या कुडामागं उभा राहून पाहिलं: बायको आईची वाटी घेऊन आली, इकडं तिकडं बघितलं, आणि वाटीतलं वरण म्हशीच्या आंबोणात ओतलं. भरलेली वाटी. आईनं शिवलेलीसुद्धा नव्हती. आईला शक आला म्हणून तिनं खाल्लं नाही आणि ही आता ते नाहीसं करते आहे, असा मी त्याचा अर्थ लावला. तो अर्थ किती चोख बसला याचा मला आनंदसुद्धा झाला, हे लिहिताना लाज वाटते.

मग डाळीच्या रांजणामागं मला एक झाकणाचं लहान गाडगं सापडलं.

“ह्यात काय हाय?” मी विचारलं.

“तूप.”

“कुनाचं?”

“आत्याबाईंचं.” ती सासूला आत्याबाई म्हणायची.

“मंग आमाला त्यातलं कावून न्हाई वाढत?”

ती चुलीत फुंकर घालत राहिली. मग म्हणाली, “तुमाला दुसरं हाय.”

मी ते गाडगं घेतलं, एका भाकरीला बोटभर तूप चोपडलं आणि गल्लीतल्या कुत्र्याला घातलं. मग ओट्यावर त्याच्यासमोर बसून राहिलो. कुत्र्यानं भाकरी खाल्ली, माझी बोटं चाटली, उन्हात झोपलं. मी बसलेलो. त्यानं कूस बदलली की मी पुढं वाकायचो. दुपार टळली तेव्हा ते उठलं, अंग ताणलं आणि पुन्हा माझ्याकडं आशेनं बघायला लागलं. दारात बायको उभी होती. कधीपासून होती कोण जाणे.

“अजून एक भाकर आनू का त्याला?” ती म्हणाली.

कुत्रं मेलं नाही म्हणून मला हायसं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. कुत्र्याला पचलं ते म्हाताऱ्या माणसाला पचेलच कशावरून, असं मी मनाशी म्हणालो. एकदा शक पोसायचा ठरवला की त्याला काहीही खायला चालतं.

भाऊबीजेच्या दिवशी मी अक्कासमोर बायकोला सांगितलं, “आजपासून मायच्या ताटातला पैला घास तू खायचा. माझ्यादेखत.”

आई भिंतीशी बसली होती. तिनं पदर तोंडाशी धरला. बायकोनं ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. भाकरीचा तुकडा मोडला, तिखट लावलं, तेलात बुडवला, चावला, गिळला. मग ताट आईपुढं सरकवलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली असती तर कदाचित मी थांबलो असतो.

घास खाल्लेला पाहिला की मी ओसरीवर जायचो. हे आजच्या माणसाला खरं वाटणार नाही, पण आमच्यात पुरुष आधी जेवायचे आणि बाया मागून, भिंतीकडं तोंड करून. जेवणाऱ्या बाईकडं बघणं अडाणीपणाचं समजत. मी आईच्या हातचं जन्मभर खाल्लं, पण तिला जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिच्या तोंडात घास जाताना कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं.

संक्रांतीनंतर पुन्हा कळ आली, पहिल्या घासाचा पहारा असूनही. या वेळी कळ गेल्यावरही आईच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर पिवळी झाक राहिली. मला वाटलं डाळीची धूळ असेल. ती धुऊन गेली नाही. अक्कानं तेलगावहून निरोप धाडला, “घास कशाचा खाती ती? भाकरीचा. वाटीतलं खाती का?” मी गाडी जुंपली आणि आईला मोमिनाबादेला एका हकिमाकडं नेलं.

हकीम वयस्क होता, मेंदी लावलेली दाढी, पुढ्यात खलबत्ता. त्यानं नाडी पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, उजव्या बरगडीखाली दोन बोटं दाबली तेव्हा आईचा श्वास अडकला.

“पित्ते में कंकर है,” तो म्हणाला. “खाने में क्या लेती अम्मा?”

मीच उत्तर दिलं. “आमी खातो तेच. भाकर, वरण, भाजी. दूध हाय घरचं. आमचा डाळीचाच धंदा हाय.”

त्यानं आईचा दंड चिमटीत धरला. लोंबणारी कातडी त्याच्या बोटांत आली. “दालवाले के घर का हात है ये?”

“वय झालं बाबा,” आई पदराआडून म्हणाली.

“मेरी वालिदा अम्मा से बड़ी है. अब्बी तक मेरे कू झाडू से मारती.” बाकी रोगी हसले. आईसुद्धा. हकीम हसला नाही. मला म्हणाला, “खाते हुए देखा तुमने?”

“घरात काय शिजतं ते मला ठावं हाय.”

“पकता क्या, नहीं पूछा मैं. खाती क्या, वो पूछा.”

आईला गाडीत बसवून मी परत आत गेलो. मला जे विचारायचं होतं ते तिच्यासमोर विचारता येत नव्हतं. तुपात कुणी काही कालवलं तर असं होतं का, असं मी विचारलं. हकिमानं माझ्याकडं नीट पाहिलं. आपल्याकडं अशा प्रश्नासाठी माणसं येतात, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“घी में कुच डालने की जरूरत नै,” तो म्हणाला. “भूके पेट पे घी खुद बस है.”

मग त्यानं जे सांगितलं ते मला तेव्हा अर्धंच कळलं. म्हातारी बाई, अंगातलं मांस वयानं उतरत चाललेलं. तिला डाळ, दूध, अंडं असलं मांस धरणारं अन्न रोज थोडं थोडं पाहिजे. ते नसलं, वर उपास आणि एकवेळचं जेवण असलं, तर पित्ताची थैली नुसती पडून राहते, आतलं पित्त दाट होतं, खडे धरतात. आणि मग सण येतो. वाटीभर तूप एकदम पोटात गेलं की थैली पिळवटते आणि खडा तोंडाशी अडकतो. हा आपला अंदाज आहे, पोटात कुणी शिरून पाहिलेलं नाही, असंही तो म्हणाला. तूप बंद, रोज मुगाचं पाणी, ताक, आणि चालत असेल तर कोंबडीचा रस्सा, असं परहेज त्यानं सांगितलं. पुढं काही वर्षांनी बीडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनंही जवळपास हेच सांगितलं, आणि तोसुद्धा छातीठोक बोलला नाही.

वाटेत आईला रस्स्याचं सांगितलं. वडील गेल्यापासून ती वशाट शिवत नव्हती. “त्याला म्हनावं तूच पी,” ती म्हणाली. “दाढीला रंग येईल अजून.”

हकिमावरही माझा विश्वास बसला नव्हता. बायकोनं आधीच कुणामार्फत त्याच्या कानावर काही घातलं असेल का, इथपर्यंत मी गेलो. मांजरेच्या पलीकडच्या बाईला मोमिनाबादचा हकीम कुठून ठाऊक असणार, एवढंही मला सुचलं नाही. पण त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मी जेवलो आणि उठलो नाही. आईचं ताट वाढलं, बायकोनं पहिला घास खाल्ला, आणि मी तिथंच मांडी घालून बसलो.

“जा की बाहिर,” आई म्हणाली.

“बसतो.”

“बाईमानसाच्या तोंडाकडं बघत बसतोस व्हय रं?”

“हकिमानं सांगितलंय.”

“त्याला म्हनावं तुझ्या मायच्या तोंडाकडं बघ.”

बायको चुलीपाशी पाठमोरी होती. आईनं माझ्याकडं पाठ केली. मी उठून तिच्या समोर जाऊन बसलो. तिला आता पर्याय नव्हता. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तिखटाला लावून खाल्ला. दुसरा तुकडा तसाच. पिवळ्याधमक वरणाची वाटी ताटात होती, आमच्याच तुरीची, वर जिऱ्याची फोडणी. तिचं बोट त्या वाटीच्या जवळसुद्धा गेलं नाही. तुकडा फिरायचा तो वाटीला वळसा घालून. हे एका दिवसाचं वळण नव्हतं. हात किती वर्षं त्या वाटीला चुकवत आला असेल, हे बघणाऱ्याला कळत होतं.

“वरन खा,” मी म्हणालो.

“नको मला.”

“कावून नको?”

“नको म्हनलं ना.”

मी वाटी उचलली आणि तिच्या भाकरीवर ओतली. आईनं हात असा मागं घेतला की जणू मी ताटात निखारा टाकला. ती ताटावरून सरकली. तिच्या डोळ्यांत मला भीती दिसली, आणि ती मला जी हवी होती तीच भीती आहे असं मी ठरवून टाकलं. मी चुलीकडं वळलो.

“बघ,” मी बायकोला म्हणालो. “मायला बी शक हाय तुझा. तुझ्या हातचं वरन तिला नको.”

बायकोनं पळी खाली ठेवली. ती वळली, पण माझ्याकडं नाही, आईकडं.

“आत्याबाई, आता सांगू का मी?”

“सांगशील तर त्याच्या गळ्याची आन हाय तुला.”

“मंग तुमी सांगा. माझ्यानं होईना आता.”

आईनं ताटातली ती भिजलेली भाकरी बाजूला सारली. मग तिनं सांगितलं.

माझं लग्न नवीन झालेलं असताना मोठी तापाची साथ आली होती. घरटी माणसं गेली. उचलायला चार खांदे मिळायचे नाहीत. मला ताप चढला तो उतरेना. मी माणूस ओळखायचा थांबलो. आई तशी कार्तिकात महिनाभर द्विदल सोडायची. आमच्याकडच्या पुष्कळ बाया सोडतात. त्या तापात तिनं आंब्याच्या, म्हणजे मोमिनाबादच्या, देवीला बोलून टाकलं की पोर उठून बसला तर मी डाळ आणि दूध जन्माचं सोडलं. दूध म्हणजे दही-ताकही आलंच. तुपाला दोष नाही, ते इस्तवातून, चुलीवर कढून, निघालेलं असतं, असं तिनं आपलं आपण ठरवलं होतं.

“डाळच कावून?” मी विचारलं.

“तुला डाळीचं लई येड. ज्याच्यासाठी सोडायचं त्याच्या आवडीचं सोडावं लागतंय,” ती म्हणाली. “अन् त्याला कळू द्यायचं नसतंय. कळलं का नवस उतरला.”

बायको तेव्हा नवी नवरी. तिला चुलीपाशी हे लपणार नव्हतं, म्हणून आईनं तिला माझ्या गळ्याची शपथ घातली. तेव्हापासून ती रोज वाटीत वरण वाढत होती, माझ्या दिसण्यापुरतं, आणि रोज म्हशीला घालत होती. ती एक शब्द बोलली असती तर मी मरणार होतो. मी तिला आईच्या ताटातला घास खायला लावत होतो, तेव्हाही ती मला जगवत होती.

“अन् तूप?” मी तिला विचारलं.

“सनाला आमी पुरन खायचं अन् त्यांनी कोरडी पोळी?” ती म्हणाली. “म्हनून तूप जास्तीचं वाढत हुते. येगळं राखून. मला काय ठावं तूपच बाधंल म्हनून.”

म्हणजे आईची कळ तिच्याच हातून येत होती. माझा शक अगदी खोटा नव्हता. या एका गोष्टीमुळं पुढं कितीतरी दिवस मी स्वतःला थोडं थोडं माफ करत राहिलो, आणि ते फारच वाईट होतं.

पण तेव्हा या हिशेबाला वेळ नव्हता. आता मला कळलं होतं, म्हणजे आईच्या लेखी नवस उतरला होता. तिनं भाकरीही सोडली. भिंतीला टेकून ती माझ्याकडं बघत बसायची. मी शिंकलो की उठून कपाळाला हात लावायची. डाळीची धूळ उडत होती, मी शिंकणारच. तिचे डोळे पिवळे, ओठ सुकलेले, आणि ती माझा ताप तपासत होती. हकीम म्हणाला होता की अशीच उपाशी राहिली तर पुढच्या कळेतून उठणार नाही.

मी देवीला गेलो, तिथल्या गुरवाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ज्याच्यासाठी नवस बोललाय तो माणूस आपल्या अंगावर घेऊ शकतो; मग आधीचा मोकळा. हे शास्त्रात आहे की त्यानं माझी दशा बघून तिथल्या तिथं काढलं, मला आजही ठरवता आलेलं नाही. मी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एक शक बाहेरच ठेवून आत गेलो. कुंकू घेऊन घरी आलो आणि आईच्या कपाळाला लावता येत नव्हतं म्हणून तिच्या ओंजळीत दिलं.

“डाळ अन् दूध आता माझ्याकडं,” मी म्हणालो. “मी माझ्या तोंडानं बोलून आलोय. आता तू बी सोडलंस तर एका नवसाला दोन धनी होतील. देवीला ते चालायचं न्हाई.”

“तू डाळ विकतोस,” आई म्हणाली.

“व्हय.”

“अन् खानार न्हाईस.”

“न्हाई.”

“लोक म्हनतील ह्याच्या डाळीतच कायतरी हाय.”

तिचं बोलणं खरं ठरलं. बाजारात ते पसरायला वेळ लागला नाही. माझ्यासमोर जुनं गिऱ्हाईक डाळीचा दाणा नखानं चिरून बघायचं, वास घ्यायचं. “मालक सवता न्हाई खात बे,” असं एकजण दुसऱ्याला म्हणाला, मला ऐकू येईल असं. “काय कालवतोय कोन जाने.” मी सांगू शकलो असतो. नवसाची गोष्ट अशी बाजारात सांगत नाहीत, आणि मला वाटलं की नाही सांगितली तरच बरं. मूठभर डाळ हातात घेऊन तिच्याकडं त्या नजरेनं बघणारी माणसं मी रोज पाहिली. ती नजर मी ओळखत होतो.

आईनं पहिल्यांदा मुगाचं पाणी घेतलं ते डोळे मिटून, औषध घ्यावं तसं. मी समोर बसलो होतो. पेला खाली ठेवून तिनं माझ्या कपाळाला हात लावला. थंड होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग पातळ वरण, मग ताक, मग उन्हाळ्यात एकदा मटकीची उसळ तिनं आपणहून मागून घेतली. सणाला तूप नावापुरतं. कळा थांबल्या नाहीत, पण लांबल्या, आणि आल्या तरी हलक्या. डोळे पांढरे झाले. हकिमानं पुन्हा बोटं दाबून पाहिलं आणि म्हणाला की कंकर गेले नाहीत, सोए हुए हैं. दंडाचं मांस परत आलं असं मी म्हणणार नाही. पण जातं ओढताना ती आता खुंटा धरून थांबत नाही.

अक्का पुढच्या दिवाळीला आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती खूप रडली, वहिनीच्या पायावर डोकं ठेवलं. बायकोनं तिला उठवलं, चहा केला. संध्याकाळी अक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, “पन तिनं तुझ्याकडं तरी बोलायचं हुतं.” मी म्हणालो, नाही, बोलायचं नव्हतं. अक्काला ते पटलं नाही. मलाही कधीकधी पटत नाही. शपथ एका बाजूला आणि नवरा कुत्र्याला भाकरी घालून बसलेला एका बाजूला. मी तिच्या जागी असतो तर काय केलं असतं, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. मी पहिल्याच दिवशी बोललो असतो आणि मेलो असतो, निदान आईच्या मनात.

आता माझी पन्नाशी जवळ आली. आई अजून आहे. मी रोज तिच्यासमोर बसून तिचं जेवण बघतो. “आला तहसीलचा शिपाई,” ती म्हणते. मी बाजाराला गेलो की घरी ती वरण खाते की पुन्हा म्हशीला जातं, हे मी परतल्यावर आंबोणात डोकावून बघतो. आणि मी बाहेर कुठं डाळ खाऊन आलोय का, हे ती माझ्या मिशीकडं निरखून बघते. आमचं असं चाललं आहे.

पहिल्या घासाचं मात्र सुटलं नाही. आईचं खरं कळलं त्याच दिवशी मी बायकोला म्हणालो की आता ते नको. तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी ताट वाढलं आणि तिनं घास मोडून खाल्ला, आता भाकरीबरोबर वरणाचाही. मी पुन्हा सांगितलं. “राहू द्या, सवय झाली,” ती म्हणाली. मी नंतर कितीदा सांगितलं, एकदा हात जोडून सांगितलं. ती हो म्हणते. सवयीनं करते की मला दाखवायला करते, तिच्या चेहऱ्यावरून मला आजही सांगता येत नाही, आणि विचारण्याचा हक्क मी त्या भाऊबीजेलाच घालवून बसलो आहे.

रोज दुपारी ती आईचं ताट वाढते, माझ्यासमोर बसते, वरणात भाकरी बुडवून एक घास खाते आणि गिळून होईपर्यंत माझ्याकडं बघते. आई म्हणते, “दे की गं लवकर, वरन निवतंय.” मग ती ताट पुढं सरकवते.